इंजिनाचा भाता

लोहाराचा भाता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सुपरचार्जर समजायला दोन मिनिटं पुरे आहेत. भट्टीत कोळसा तोच, लोखंड तेच, लोहारही तोच. पण भाता चालू झाला की काळवंडलेला निखारा लालभडक होतो आणि लोखंड मऊ पडतं. कोळसा कमी पडला नव्हता, वारा कमी पडला होता. मोटारीच्या इंजिनाचं असंच आहे. पेट्रोल हवं तेवढं आत सोडता येतं. पण ते जाळायला जी हवा लागते, ती पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच आत येते. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड. त्या दाबाच्या जोरावर जी काही आत शिरेल ती. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाला लावलेला भाता. तो हवा दाबून आत कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त.

फरक एवढाच की हा भाता ओढायला लोहाराचा पोऱ्या नसतो. तो इंजिनानेच ओढायचा. क्रँकशाफ्टवरून एक पट्टा किंवा दंतचक्र निघतं आणि भात्याला फिरवतं. म्हणजे ताकद देण्याआधी भाता ताकद खातो. (टर्बोचार्जर हे याचंच भावंड, ते इंजिनाच्या धुराच्या झोतावर फिरतं. त्याची गोष्ट वेगळी, इथे घेत नाही.)

आता तुम्ही म्हणाल, बी.ए.पर्यंत सगळं मराठी माध्यमातून शिकलेल्या, जन्मभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला या वयात हे काय सुचलं? कारण माझा भाचा. तो कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे १९९२ सालची माझदा मियाटा आहे. दोनच माणसांची, छप्पर उघडणारी, बुटकीशी स्पोर्ट्‌स कार. ही काही त्याची रविवारी फडकं मारून बाहेर काढायची गाडी नव्हे. रोज सकाळी तिच्यातूनच ऑफिस, येताना तिच्यातूनच भाजी. या गाडीला बाहेरून विकत घेतलेला सुपरचार्जर बसवायचं त्याने ठरवलं, आणि तेही स्वतःच्या हाताने. धाकट्या बहिणीचा मला फोन आला. "ताई, चांगली चालती गाडी उघडून ठेवतोय तो. काही झालं तर तिथे आहे कोण त्याचं? तू सांग त्याला, तुझं ऐकतो."

मी म्हटलं, सांगण्याआधी मला समजून तर घेऊ दे. मग दोन-अडीच महिने जमेल तसं वाचलं, भाच्याला फोनवर छळलं. इतिहासाच्या बाईला प्रश्न विचारला की उत्तर इतिहासातूनच येणार. ते हे असं.

भाता आधी, मोटार नंतर

गंमत म्हणजे भाता मोटारीपेक्षा जुना आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या दोघा भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीऐवजी काही चांगलं बसवावं म्हणून त्यांनी एका पेटीत एकमेकांना घासून फिरणारे दोन लाकडी लोळे बसवले. आख्यायिका अशी की पाण्याने लाकूड फुगलं आणि यंत्र अडलं. पण कोरडं फिरवून पाहताना त्यातून असा वारा सुटला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाची टोपी उडाली. टोपी उडाली की नाही देव जाणे, १८६०चं पेटंट मात्र खरं. पुढे हे रूट्स ब्लोअर ओतकामाच्या भट्ट्यांना आणि खाणींत वारा खेळवायला लागले. १८७० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेखाली हवेच्या जोरावर ढकलली जाणारी एक छोटी भुयारी गाडी लोकांना दाखवण्यात आली, तिच्यामागेही असाच एक प्रचंड रूट्स ब्लोअर होता.

म्हणजे हे यंत्र जन्मलं ते खरोखरच भाता म्हणून. इंजिनात हवा दाबून भरायची कल्पना गॉटलीब डाइमलरच्या १८८५च्या पेटंटात येते, आणि १९०८ साली पेनसिल्व्हेनियातल्या ली चॅडविक यांनी आपल्या गाडीला पट्ट्यावर फिरणारा पंखा जोडून डोंगरचढणीची शर्यत मारली. पण ही एकेकट्याची धडपड होती. दुकानात जाऊन भातावाली गाडी विकत घेता येण्याला १९२१ उजाडावं लागलं.

तीन आकड्यांची गाडी

१९२१च्या बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने दोन गाड्या मांडल्या, त्यांच्यात रूट्स जातीचा भाता होता. जर्मन शब्द कॉम्प्रेसर. मागे होते गॉटलीब डाइमलरचे चिरंजीव पाऊल डाइमलर. पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांवर काम करताना त्यांना कळलं होतं की उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकतं. उंचावरच्या दम्यावरचं औषध त्यांनी जमिनीवरच्या गाडीला दिलं.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. या गाड्यांत भाता सतत चालत नसे. एरवी तो स्वस्थ बसलेला. ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला की आतला क्लच लागे, भाता फिरू लागे आणि किंकाळी फोडल्यासारखा आवाज येई. तोही थोड्या वेळापुरताच वापरायचा, असा दंडक. घाट चढला, समोरची गाडी ओलांडली, की पाय उचलायचा. नंतरच्या मर्सिडीजच्या नावातच हा हिशेब असे. १९२७च्या 'एस' मॉडेलपुढे लिहीत २६/१२०/१८०. पहिला आकडा कर आकारणीचा, दुसरा भात्याविना मिळणारी ताकद, तिसरा भात्यासकट. मधल्या आकड्यावर रोज जगायचं आणि तिसरा अडीअडचणीला ठेवायचा. आपल्याकडे घरातली बाई पिठाच्या डब्यात पैसे ठेवायची, त्यातलाच प्रकार!

बेंटलेसाहेबांचा नकार

सुपरचार्जरच्या इतिहासात एक खरं भांडण आहे आणि ते समजून घेतलं की बाकी सगळं समजतं.

इंग्लंडमध्ये डब्ल्यू. ओ. बेंटले गाड्या बनवत. मजबूत, जड, न थकणाऱ्या. त्यांच्या साडेचार लिटरच्या गाडीची ताकद ११० हॉर्सपॉवरच्या आसपास. सर हेन्री बर्किन हे त्यांच्या गाड्या शर्यतीत चालवणारे धाडसी गृहस्थ. सगळे त्यांना टिम म्हणत. बर्किनना वाटे, याच इंजिनाला भाता लावला तर युरोपात कोणी हात धरणार नाही. बेंटलेसाहेब म्हणत, ताकद हवी तर इंजिन मोठं करा. आहे त्या इंजिनात हवा कोंबणं म्हणजे ज्या विचाराने ते घडवलं तो विचारच नासवणं. आणि ते नुसतं म्हणत नव्हते, त्यांनी साडेसहा लिटरची स्पीड सिक्स करून दाखवली होती.

पण कंपनीत तोवर पैसा दुसऱ्यांचा होता. बर्किननी डॉरथी पॅजेट या श्रीमंत बाईंचं पाठबळ मिळवलं, ॲमहर्स्ट व्हिलियर्स यांच्याकडून भाता तयार करून घेतला, आणि वेलिन या गावी स्वतःची कार्यशाळा मांडली. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरायला तशा ५० गाड्या विक्रीसाठी बनवणं भाग होतं, म्हणून कंपनीलाही त्या बनवाव्या लागल्या. शर्यतीच्या गाड्या धरून अशा एकूण ५५ झाल्या. भाता रेडिएटरच्याही पुढे, दोन चाकांच्या मधे, नाकावर फोड आल्यासारखा. शर्यतीच्या गाडीची ताकद गेली २४०च्या घरात. म्हणजे दुपटीहून जास्त.

१९३०ची ल मान्स. बर्किननी जर्मन मर्सिडीजचा असा पाठलाग केला की लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. रात्रीत मर्सिडीज बाद झाली. पण बर्किनची भातावाली बेंटलेही शेवटपर्यंत टिकली नाही, तिची जोडीदारीणही नाही. पहिला आणि दुसरा क्रमांक आला बेंटलेसाहेबांच्या बिनभात्याच्या स्पीड सिक्सचा. त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रां प्रीत बर्किन त्या अवजड गाडीने चपळ बुगाटींच्या गर्दीत दुसरे आले, हेही खरं. म्हणजे भात्यात दम नव्हता असं नाही. दम होता, टिकाव नव्हता. १९३१मध्ये कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉईसने ती विकत घेतली. त्याचा सगळा दोष भात्यावर टाकणं अन्यायाचं होईल, मंदीची वर्षं होती ती.

मी शाळेत असते तर मुलांना विचारलं असतं, ते वाढीव १३० हॉर्सपॉवर आले कुठून? हवेतून, पेट्रोलमधून, बरोबर. पण ते सोसले कोणी? बेंटलेसाहेबांनी क्रँकशाफ्ट, बेअरिंग, पिस्टन घडवताना जो जास्तीचा मजबूतपणा ठेवला होता, त्याने. एका सावध माणसाने शिल्लक टाकली होती आणि दुसऱ्या हौशी माणसाने ती काढून खर्च केली. पुढे जिथे जिथे म्हणून बाहेरचा भाता बसवलेला दिसतो, तिथे तिथे हाच व्यवहार आहे. शिल्लक कोणाची, आणि किती उरली आहे?

(जाता जाता: भात्याच्या गाडीचा एक धागा मराठी माणसापर्यंत येतो. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे मागवली होती आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर नारिंगी-काळ्या रंगाची बॉडी चढवून घेतली होती. एसजे म्हणजे कारखान्यातूनच सुपरचार्जर बसवून आलेली, ३२० हॉर्सपॉवरची.)

इंजिन नॉक मारतं तेव्हा

भात्याचा खरा शत्रू गरम हवा. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, तसंच इथे. दाबलेली हवा तापते. ती तापलेली हवा सिलिंडरमध्ये जाते, तिथे पिस्टन तिला आणखी दाबतो. मग ठिणगीने सुरू झालेली ज्योत शांतपणे पसरायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. टिनाच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आपले मिस्त्री म्हणतात, इंजिन नॉक मारतंय. थोडं झालं तर ताकद जाते, चालूच राहिलं तर पिस्टनला भोक पडतं.

यावर उपाय तीन: हवा थंड करा, ठिणगी थोडी उशिरा पाडा, किंवा लवकर न भडकणारं पेट्रोल वापरा. तिसऱ्या उपायाची गोष्ट फार कडू आहे. १९२१च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थेंबभर मिसळलं की नॉकिंग थांबतं. १९२३पासून ते विकायला आलं. १९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी ओरडून सांगितलं की हे विष आहे. ऐकलं गेलं नाही. त्या पेट्रोलवर जोरदार इंजिनं धावली, विमानं उडाली, आणि दोन-तीन पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं उतरलं. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. मोटारींसाठी जगातून ते पुरतं गेलं २०२१मध्ये, शेवटी अल्जीरियातून.

हे मी भाच्याला वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, म्हणजे शिल्लक नेहमी इंजिनाचीच असते असं नाही." मी म्हटलं, बरोबर. शाळेत असतास तर पैकीच्या पैकी दिले असते.

युद्धातून गल्लीत

दुसऱ्या महायुद्धात भाता आकाशात गेला. रोल्स-रॉईसच्या डर्बीच्या कारखान्यात १९३८ साली स्टॅनले हूकर नावाचा तरुण गणिती रुजू झाला. इंजिनिअर नव्हे, गणिती! त्याने मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरचं गणित मांडून हवेची वाट सुधारली. पुढे दोन टप्प्यांचा भाता आणि मधे हवा थंड करणारा कूलर अशी रचना झाली, आणि ती घेऊन स्पिटफायर नऊ हे विमान १९४२च्या उन्हाळ्यात लढाईत उतरलं. नुसतं कोंबण्यापेक्षा विचार करून भरलेली हवा जास्त कामाची, हे त्याने दाखवलं.

जमिनीवरची गोष्ट जास्त मजेशीर आहे. जनरल मोटर्सने १९३८मध्ये ६-७१ नावाचं डिझेल इंजिन काढलं. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून हे नाव. ते दोन-स्ट्रोक असल्यामुळे त्याला आतला धूर बाहेर ढकलायला रूट्स ब्लोअर लागे. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या युद्धातल्या नावांमध्ये हेच इंजिन असे. युद्ध संपलं आणि हे ब्लोअर भंगाराच्या भावात मिळू लागले. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते उचलले आणि जुन्या फोर्डच्या व्ही-एट इंजिनांच्या डोक्यावर चढवले. बार्नी नॅव्हारो हे त्यातलं आधीचं एक नाव. बॉनेटला भोक पाडून वर आलेला तो चकचकीत ब्लोअर तुम्ही इंग्रजी सिनेमात पाहिला असेल. त्याचं कुळ ट्रकचं आणि नावेचं!

पण या गाड्या होत्या सरळ रेषेत काही सेकंद पळायच्या. फुटलं इंजिन तर दुसरं. सोमवारी सकाळी ऑफिसला जायचा प्रश्न नव्हता.

सोमवारची गाडी

तो प्रश्न पहिल्यांदा मनावर घेतला दोन अमेरिकन कंपन्यांनी. एक रॉबर्ट मॅक्‌कुलॉक यांची, ज्यांच्या कंपनीच्या झाडं कापायच्या करवती प्रसिद्ध आहेत. (हेच ते गृहस्थ, ज्यांनी १९६८ साली लंडन ब्रिज विकत घेऊन दगड दगड सुटा करून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन उभा केला. हौसेला मोल नाही ते असं.) १९५३पासून त्यांचा पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर मिळू लागला. तो लोकांनी घरच्या गाड्यांना लावला, आणि स्टुडबेकरने १९५७च्या गोल्डन हॉकमध्ये कारखान्यातच बसवून दिला.

दुसरी जडसन, पेनसिल्व्हेनियातल्या कॉन्शोहॉकनची. यांचा भाता फोक्सवॅगन बीटलसाठी होता. बीटलची ताकद अवघी ३६ हॉर्सपॉवर. ट्रायम्फ, एमजी या इंग्लिश छोट्या स्पोर्ट्‌स कारसाठीही तो मिळे. संच खोक्यातून येई: भाता, पट्टा, नळ्या, बोल्ट. इंजिनात काही कापाकापी नाही. आवडलं नाही तर काढून ठेवा. भात्याच्या आतल्या पात्यांना तेल लागे, म्हणून बाजूला काचेची तेलाची बाटली. थेंब थेंब तेल आत ओढलं जाई. बाटली रिकामी झाल्याचं लक्षात आलं नाही तर पाती घासून गेलीच म्हणून समजा. इंग्लंडमध्ये शोरॉकचे सुपरचार्जर मॉरिस मायनरसारख्या मध्यमवर्गीय गाड्यांना लागत.

आता बीटलच्या ३६ हॉर्सपॉवरकडे नीट बघा. ते इंजिन मुद्दामच कमी ताकदीचं ठेवलं होतं, दिवसभर पूर्ण वेगाने पळवलं तरी दमू नये म्हणून. ती त्याची शिल्लक. जडसनचा संच म्हणजे ती शिल्लक पुडीत बांधून विकण्याचा धंदा. ज्याने बाटली भरली, पाय हलका ठेवला, त्याची गाडी वर्षानुवर्षं चालली. ज्याने रोजच तिसऱ्या आकड्यावर जगायचं ठरवलं त्याचं काय झालं हे सांगायला नको.

भाच्याची गाडी

१९७३च्या तेलसंकटानंतर भाता मागे पडला, टर्बो पुढे आला. पण १९८९मध्ये फोर्डने थंडरबर्ड सुपर कूपमध्ये ईटन कंपनीचा रूट्स जातीचा नवा भाता बसवला आणि रूट्स भावांचं ते दोन लोळ्यांचं यंत्र पुन्हा रस्त्यावर आलं. त्याच वर्षी माझदाने मियाटा आणली, जुन्या इंग्लिश छोट्या गाड्यांची आठवण म्हणून, पण बंद न पडणारी. अमेरिकेत तिची ताकद ११६ हॉर्सपॉवर. थोड्याच वर्षांत तिच्यासाठी ईटनचा भाता असलेले संच निघाले. भाच्याने घेतला तो असाच जुना, दुसऱ्या कुणाच्या गाडीतून काढलेला.

मी त्याला म्हटलं, बेंटलेसाहेबांचा प्रश्न तुला विचारते. तुझ्या गाडीत शिल्लक कोणी ठेवली आणि किती? त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. याच कुळातलं १.६ लिटरचं इंजिन माझदाने ३२३ या गाडीत टर्बो लावून विकलं होतं, म्हणजे लोखंडी सांगाडा सोसणारा आहे. पण, तो म्हणाला, तिथे कारखान्याने आधी पिस्टनचं दाबाचं प्रमाण आठच्या खाली आणलं होतं. माझं आहे ९.४. म्हणून मी भात्याचा दाब सहा पौंडांच्या वर नेणार नाही.

सहा पौंड म्हणजे किती? १४.७ अधिक ६, बरोबर २०.७. कागदावर ४१ टक्के जास्त हवा. त्यातून भात्याने स्वतः खाल्लेली ताकद वजा, तापलेल्या हवेचं नुकसान वजा. त्याच्या हिशेबाने दीडशेच्या थोडं पुढे. मर्सिडीजच्या पद्धतीने लिहायचं तर ११६/१५०.

भाता बसवण्याआधी त्याने जे केलं ते ऐकून मला जरा हायसं वाटलं. चारही सिलिंडरचा दाब मोजला, चारही जवळजवळ सारखे आले. १९९० आणि १९९१च्या सुरुवातीच्या मियाटांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड असून तिथली पुली सैल व्हायची खोड आहे. भात्याचा पट्टा त्याच पुलीवरून जायचा! त्याची गाडी नंतरची, तरीही उघडून पाहिली. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जुनी होऊन तपकिरी पडली होती, ती बदलली. ब्रेक नवे केले. कॅलिफोर्नियात इंजिनाला बाहेरचा भाग लावायचा तर त्याला तिथल्या हवा-मंडळाच्या परवानगीचा क्रमांक लागतो, नाहीतर धुराच्या तपासणीत गाडी नापास. त्याच्या संचावर तशी चकती होती. शिशाची गोष्ट वाचलेल्या माणसाला हा नियम जाचक वाटत नाही.

बसवायला दोन शनिवार-रविवार गेले. पहिल्या रविवारी रात्री गाडी सुरू झाली, पण जागच्या जागी इंजिनाचा वेग वर-खाली होत राहिला. कुठेतरी हवा गळत होती. बहिणीला सगळ्यात भीती होती ती या रात्रीची: सकाळी ऑफिस आहे म्हणून अर्धवट गाडी घेऊन हायवेवर जायचा. तो नाही गेला. आठवडाभर सहकाऱ्याच्या गाडीतून गेला-आला. पुढच्या शनिवारी सापडलं, एक रबरी नळी चिरली होती.

मग पहिली फेरी. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबला आणि टिनाच्या डब्यातले खडे वाजले. त्याने तत्क्षणी पाय उचलला, हळूहळू घरी आला. टायमिंग तपासलं. कारखान्याने ठिणगी पिस्टन वर यायच्या १० अंश आधी ठेवलेली असते. या गाडीत ती १४ अंशांवर होती. आधीच्या कुठल्यातरी मालकाने थोडा पिकअप वाढावा म्हणून पुढे सरकवून ठेवली होती. त्याचं बरोबरच होतं, भाता नव्हता तोवर. पण शिल्लक मोजायची ती मूळच्या पासबुकावरून नव्हे, आजच्या तारखेला. मधल्या कोणीतरी काही काढलं असेल तर ते पासबुकात दिसत नाही. त्याने टायमिंग परत १० वर आणलं, तिथलं सगळ्यात चांगलं, ९१ ऑक्टेनचं पेट्रोल भरलं, आणि खडे वाजायचे थांबले.

आता डॅशबोर्डवर दोन तबकड्या आहेत. एक भात्याचा दाब दाखवते, दुसरी हवा आणि पेट्रोलचं प्रमाण. एरवी पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग (हवेच्या दाबाचाच आकडा, निव्वळ योगायोग!), भाता जोरात असताना पेट्रोल जास्त देऊन ते बारापर्यंत खाली आणायचं, म्हणजे आतली आग थोडी थंड राहते. आणि ईटनच्या भात्याला एक बायपास झडप आहे. पाय हलका असला की ती उघडी राहते, हवा भात्यातून नुसती गोल फिरते, इंजिनावर भार जवळजवळ नाही. पाय दाबला की मिटते. मी विचारलं, मग रोजच्या तुझ्या रस्त्यावर ती किती वेळा मिटते? म्हणाला, "मावशी, जाताना हायवेला लागायच्या चढावर एकदा, येताना एकदा. सात-आठ सेकंद." पाऊल डाइमलरांचा क्लच शंभर वर्षांनी झडप होऊन आला आहे, एवढंच.

"मग एवढ्यासाठी कशाला?" हे बहिणीने विचारलं, मीही विचारलं. तो म्हणाला, "दिवसभर मी जे काम करतो ते हातात धरता येत नाही. हे येतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि इतिहासातही शोधून सापडलं नाही. रूट्स बंधूंपासून नॅव्हारोपर्यंत सगळ्यांनी गरजेपोटीच केलं असं कोण म्हणेल?

बहिणीला मी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. हे धोक्याचं आहे का? आहे, शिल्लक न मोजता काढणाऱ्याला. तुझा मुलगा मोजतो आहे. खडे वाजले तेव्हा त्याने पाय उचलला, आणि रविवारी रात्री किल्ली खिशात ठेवली. मला या दोन गोष्टी ११६ आणि १५०पेक्षा महत्त्वाच्या वाटतात. तरी काळजी वाटलीच तर त्याला वेगाचं विचारू नकोस, ब्रेकचं आणि टायरचं विचार.

आणि भाच्याला एक गृहपाठ दिला आहे. वही घाल म्हटलं. तारीख, किती मैल झाले, तेल कधी बदललं, प्लगचा रंग कसा होता, पट्टा कधी ताणला. ही गाडी तू कधीतरी विकशील, तेव्हा पुढच्या माणसाला कळायला हवं की तू काय काढलंस आणि काय ठेवलंस. तुझ्या आधीच्याने लिहिलं असतं तर तुला टायमिंग शोधत बसावं लागलं नसतं. परवा त्याने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. इंग्रजीत लिहिलं आहे, पण वर समास सोडला आहे आणि तारीख उजव्या कोपऱ्यात. अक्षर अजून सुधारायला हवं.